खणातली राणी

त्या गल्लीत कुणाचंही कुलूप अडकलं की एकच हाक जायची, “चावीवाल्यांना बोलवा!” की चावीवाले हजर. खांद्याला कातडी पिशवी, कानावर पेन्सिल आणि तोंडावर असा भाव, की बाजूला व्हा मंडळी, हा आमचा घरगुती मामला आहे. दोन तारा आत जायच्या, मान जराशी कलायची, डोळे मिटायचे. दीड मिनिट, फार तर दोन. टक्क! बाहेर ताटकळलेला माणूस घरात धावायचा आणि चावीवाले उंबऱ्याशी उभे राहून आत एक नजर फिरवून घ्यायचे. चोरीबिरी? छे, नाव काढू नका! एकतीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाची सुई इकडची तिकडे झाली नव्हती. पण बंद दिसलं की उघडायचं आणि उघडलं की बघायचं, हा त्यांचा पिंडच. घरी गॅसवर झाकण ठेवलेलं भांडं दिसलं तरी हा माणूस जाता येता झाकण उचलून बघणार आणि बायकोचा चमचा हातावर खाणार.

आता अशा माणसाच्या हवाली कुणी चाळीस दिवस न उघडायची वस्तू करील का? पण ती केली. परक्यानं नव्हे, सख्ख्या लेकीनं केली, आणि चांगला विचार करून केली.

लेक एकुलती एक. दोन तासांवरच्या शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बापावर जीव होता तिचा, नाही असं नाही. पण बापाच्या हातांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्यालाही कारणं होती. चौदा वर्षांची असताना तिच्याकडे इवल्याशा कुलपाची एक डायरी होती. एके दिवशी चावी फिरवली, तर कुलूप लोण्यासारखं उघडलं. रोज अडणारं कुलूप असं गुणी कसं झालं? बघते तर पहिल्या पानावर तेलाचा डाग. चावीवाले म्हणाले, “अगं, मी एक अक्षर वाचलं नाही. गंजलं होतं म्हणून तेल घातलं.” ते खरंच होतं. त्यांनी वाचलं नव्हतं. पण उघडलं होतं, आणि हे त्या पोरीनं आठ दिवस न बोलता त्यांना समजावून सांगितलं. त्यांना काही समजलं नाही.

मग गेल्या वर्षीचा तो प्रकार. लेक नवीन खोलीत राहायला गेलेली. एका सुट्टीच्या दिवशी तिनं दोन तास फोन उचलला नाही. झालं! चावीवाले ताडकन उठले. पिशवी उचलली, बस पकडली, दाराला बाहेरून कुलूप दिसलं तरी उघडून आत गेले. पोरगी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली होती. ती तिघींना घेऊन परत आली, तर वडील आत बसलेले. नुसते बसलेले असते तरी चाललं असतं. त्यांनी नळ दुरुस्त केला होता, मांडणीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले होते आणि त्यांच्या मते फुटका असलेला एक कप टाकून दिला होता. मैत्रिणी हसल्या. लेक हसली नाही.

“बाबा, दाराला बेल असते,” ती मैत्रिणी गेल्यावर म्हणाली.

“तू आत नव्हतीस. मग बेल कुणासाठी वाजवायची?”

यात त्यांची बिचाऱ्यांची तरी काय चूक? चावीवाल्याला बेल वाजवायची सवयच नसते. तो जातो त्या घरात आत कुणी नसतं, आणि घराचा मालक बाहेर त्याच्याच शेजारी घाम पुसत उभा असतो. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो दारं उघडली, पण “आत येऊ का” असं एकदाही विचारलेलं नव्हतं.

त्यानंतर लेकीनं घर बदललं. पत्ता दिला, पण या म्हणाली नाही. आणि नव्या घराला नवं कुलूप घेतलं. कुठून घेतलं? तर तिथल्याच कुठल्याशा दुकानातून! चावीवाल्यांच्या पोरीनं दुसऱ्याच्या दुकानातून कुलूप घेतलं! हे ऐकलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. बायको अजून सांगते, “माझे सासरे गेले तेव्हासुद्धा हे इतके गप्प नव्हते.”

तर अशी सगळी पार्श्वभूमी. आणि एका रविवारी लेक अचानक घरी आली, हातात एक लोकरी मोजा घेऊन. मोज्यातून तिनं बोटभर लांबीची काचेची नळी काढली. नळीच्या तळाशी पाणी, पाण्यापुढे कापसाचा बोळा, मग रिकामी जागा, आणि तोंडाला आणखी एक बोळा. त्या रिकाम्या जागेत मुंगळ्याएवढी एक काळी मुंगी बसली होती. पोट चांगलं भरदार, चाल सावकाश.

“ही राणी आहे,” लेक म्हणाली. “वाळत घातलेल्या कपड्यांत सापडली. उडून आली, पंख गाळले, आता घर शोधत होती. हिच्या एकटीपासून अख्खं वारूळ होतं, बाबा. आधी अंडी, मग अळ्या, मग कोष, आणि चाळीसेक दिवसांनी पहिल्या कामकरी मुंग्या.”

“खाते काय?” बायकोनं विचारलं. घरात कुणीही आलं तरी तिचा पहिला प्रश्न हाच.

“काही नाही. पंख हलवायचे जे स्नायू होते ना, ते आता तिला लागणार नाहीत. तेच अंगातल्या अंगात जिरवून ती जगते आणि पोरांनाही भरवते. तिला फक्त काळोख हवा आणि शांतता हवी. माझ्या शेजारी बांधकाम चाललंय, दिवसभर भिंती हादरतात. तिथे तिचं काही खरं नाही.”

मग ती बापाकडे वळली. “बाबा, ही दुकानामागच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात ठेवायची. चाळीस दिवस खण उघडायचा नाही. मी येईन आणि मीच उघडीन. तोवर तुम्ही हात लावला नाहीत, तर तुम्हाला माझ्या घरी बोलावते. जेवायला, राहायला, काय हवं त्याला.”

“आणि लावला तर?”

“तर नाही.”

चावीवाल्यांनी छातीवर हात ठेवून होकार दिला. लेकीनं सूचनांची एक चिठ्ठी कपाटाच्या दारावर चिकटवली, मोज्यात गुंडाळलेली नळी खणात चादरींच्या मधोमध आडवी ठेवली आणि ती निघून गेली.

चावीवाल्यांनी पहिलं काम काय केलं असेल? खणाला कुलूप बसवलं! दुकानातलं सगळ्यांत भारी, सात लिव्हरचं. दोन्ही चाव्या बायकोच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, “लपवून ठेव. मी मागितल्या तरी देऊ नकोस.”

“चाव्या कसल्या लपवता?” बायको म्हणाली. “त्यापेक्षा मी माझ्या केसांच्या पिना लपवते.”

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारात गेली आणि चावीवाले कुलपासमोर मांडी घालून बसले. म्हणजे उघडायचं नव्हतंच हो! कुलूप नीट बसलंय का, एवढंच बघायचं होतं. ते बघायला तार आत घालावी लागली. तार घातली तर लिव्हर उचलले जाणारच, आणि सातही उचलले गेले तर त्याला चावीवाले काय करणार? टक्क झालं. आता उघडलंच आहे तर नळी फुटलीबिटली नाही ना, हे बघणं कर्तव्यच होतं.

नळी शाबूत होती. राणी कापसापाशी बसली होती आणि तिच्या पुढ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका होता. चावीवाल्यांनी कुलूप दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं आणि मोजले. अकरा! धावत ते समोरच्या सलूनवाल्याकडे गेले. तो कुणाचीतरी दाढी करत होता. “अकरा अंडी!” ते ओरडले. दाढीवाला दचकला आणि थोडक्यात वाचला.

मग काय, रोजचाच नेम झाला. बायको दुपारची आडवी झाली की तार, टक्क, विजेरी, भिंग. खण ओढताना करकरत होता, राणीला त्रास नको म्हणून त्यांनी त्याच्या पट्ट्यांना तेलसुद्धा घातलं. काळजी करण्यात माणूस कुठे कमी नव्हता. एकदा काचेवर धूळ दिसली ती फुंकर मारून रुमालानं पुसली. राणी त्या वेळी नळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. चावीवाल्यांना वाटलं, आपल्याला ओळखायला लागली.

रविवारी लेकीचा फोन आला.

“बाबा, राणी कशी आहे?”

“मला काय ठाऊक? खण बंद आहे.”

“शाब्बास! मला वाटलं नव्हतं हं.”

चावीवाले फुलून गेले. आणि फुलल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. “मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “पहिल्या खेपेला अकरा म्हणजे बरी आहेत, की कमी?”

बायकोनं आतल्या दारातून कपाळावर हात मारून घेतला.

“बाबा.”

“अगं, अंदाजानं म्हटलं.”

“अंदाजानं अकरा?”

चावीवाले फोनच्या वायरीला पीळ देत उभे राहिले. लेक रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती दमल्यासारखी म्हणाली, “चिठ्ठीची मागची बाजू वाचलीत का?”

जगातली प्रत्येक वस्तू उघडून बघणाऱ्या माणसानं ती चिठ्ठी उलटून बघितलेली नव्हती. फोन ठेवून ते गेले, चिठ्ठी सोडवली. मागे लेकीच्या बारीक अक्षरात होतं: “उजेड, हादरा, गोंधळ यांनी राणी घाबरते. घाबरली की तिला वाटतं इथे पोरं जगायची नाहीत, आणि ती आपली अंडी खाऊन टाकते. म्हणून बघायचं नाही, बाबा. बघायचंच नाही.”

पुढच्या ओळी वाचायला ते थांबलेच नाहीत. आणि बघण्यानं काही बिघडलं का ते बघायला या भल्या गृहस्थांनी, काय सांगू तुम्हाला, पुन्हा खण उघडला! चार उरली होती. सोमवारी सकाळी एकही नव्हतं. राणी एकटीच कापसाला टेकून बसली होती.

चावीवाले दुकानात येऊन बसले. कुणीतरी चावी करायला टाकून गेलं, ती त्यांनी उलटी घासली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या हातांची लाज वाटली. मांडीवर ठेवलेले ते हात ते नुसते बघत राहिले, आणि डायरीवरचा तेलाचा डाग आठवून त्यांना एकदम रडू आलं. पोरगी आठ दिवस गप्प होती, ती का, ते आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं होतं.

सलूनवाला कात्री घेऊनच रस्ता ओलांडून आला. सगळं ऐकून म्हणाला, “एवढंच ना? भिंतीवर मुंग्यांची काय कमी आहे? चार पकडा, नळीत सोडा. मुंगी ती मुंगी. पोरीला काय कळणार आहे?”

खोटं कशाला बोला, चावीवाल्यांना हे पटलं. पोरीच्या घरचं बोलावणं डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांनी बाटलीत साखर टाकली, मोरीच्या भिंतीपाशी आडवी धरली आणि सहा मुंग्या पकडल्या. बाटली घेऊन कपाटापाशी आले, तर बायको चिठ्ठी हातात घेऊन उभी.

“शेवटची ओळ वाचू?” ती म्हणाली. “‘दुसऱ्या वारुळाच्या मुंग्या आत गेल्या तर राणीला ठार मारतात.’ तुमची पोरगी तुम्हाला चांगली ओळखते हो. आता रविवारची वाट बघू नका, फोन लावा. आणि जे झालंय ते सांगा, सजवून सांगू नका.”

चावीवाल्यांनी त्या सहाजणी जिथून आणल्या होत्या तिथेच नेऊन सोडल्या आणि फोन लावला. सगळं सांगितलं. तार, भिंग, फुंकर, तेल, आणि भिंतीवरच्या सहासुद्धा.

“राणी जिवंत आहे?” लेकीनं विचारलं.

“सकाळी होती. आत्ता कशी आहे माहीत नाही. परत बघितलं नाही.”

“तिच्या अंगात अजून एकदा अंडी घालण्याइतकं बळ असेल. कदाचित. तिसऱ्यांदा नसेल, बाबा. मग ती तशीच मरेल. आजपासून पुन्हा चाळीस दिवस मोजा.”

“आणि तुझ्या घरी…”

“आधी तिचं घर होऊ दे,” लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारी चावीवाले कुलपासमोर पुन्हा मांडी घालून बसले. बायको दारातून बघत होती, हातात चमचा तयार. पण त्यांनी तार काढली नाही, स्क्रू ड्रायव्हर काढला. सात लिव्हरचं ते भारी कुलूप कडीसकट उखडून बाजूला ठेवलं.

“हे काय आता?” बायको म्हणाली.

“कुलूप दिसलं की माझे हात शिवशिवतात,” ते म्हणाले. “ते माझ्याशी बोलतं गं. उघड्या खणाशी माझं काय भांडण आहे?”

कडी निघाली तिथे दोन भोकं राहिली. त्यातून आत उजेड जाईल म्हणून चावीवाल्यांनी चिमूटभर कापूस घेऊन दोन्ही भोकं डोळे मिटून बुजवली. हो, चुकून आत नजर जायला नको. मग उठून दुकानाच्या दाराआड पेन्सिलीनं पहिली रेघ मारली.

आता चाळीस दिवस हात स्वस्थ बसणार होते का? त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं. रेडिओ उघडला. शिलाई मशीन उघडून त्यातून बायकोची चार वर्षांपूर्वी हरवलेली बॉबिन काढून दिली. शेजारच्यांची छत्री, सलूनवाल्याची फिरती खुर्ची, स्वतःचा चष्मा, काही म्हणून सोडलं नाही. खुर्ची जोडल्यावर फिरायची थांबली, पण सलूनवाल्यानं मित्राखातर सोसलं. कपाटापाशी आले की मात्र चावीवाले पाय न वाजवता जायचे. खोलीत कुणाच्या हातून भांडं पडलं तर ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायचे. बायको म्हणायची, “माझ्या बाळंतपणात यातलं एक अष्टमांश केलं असतंत तर!”

अठराव्या रेघेच्या दिवशी एक बाई आली. फुरफुरत आली. काउंटरवर एक लहानशी पेटी आदळली. “मुलीची आहे. हल्ली कुलूप लावून ठेवते. काय दडवते देव जाणे. उघडून द्या.”

चावीवाल्यांनी पेटी हातात घेतली. कुलूप असं होतं की फुंकर मारली तरी उघडलं असतं. हाताची बोटं आपोआप तारेकडे गेली. मग त्यांनी तोच हात आवरून पेटी अलगद मागे सरकवली.

“मुलगी घरी आहे?”

“आहे की. आतल्या खोलीत दार लावून बसलीय.”

“मग चावी तिच्याकडे असेल. दार वाजवा, मागा.”

“नाही दिली तर?”

“तर नाही,” चावीवाले म्हणाले.

ती बाई त्यांना काय काय बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. पण पेटी घेऊन गेली. आतून बायकोनं न मागता चहा आणून ठेवला, हे फार दिवसांत घडलं नव्हतं.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. ती सहज विचारल्यासारखं करून विचारायची, “किती झाली अंडी?” आणि चावीवाले म्हणायचे, “माहीत नाही.” पहिल्यांदा म्हणताना त्यांना ते फार जड गेलं. राणी आत मेली असली तरी आपल्याला माहीत नाही, हा विचार छातीवर बसून राहायचा. रात्री डोळा लागत नसे. पण रेघा वाढत गेल्या आणि “माहीत नाही” हे दोन शब्द त्यांना म्हणता यायला लागले. मग तिकडून लेक दुसऱ्याच कसल्यातरी गप्पा मारायची. पूर्वीपेक्षा जास्त मारायची.

सदतिसाव्या दिवशी भर दुपारी लेक दारात उभी! केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला, हातात दुधाची पिशवी.

“सकाळी दूध आणायला बाहेर पडले,” ती म्हणाली. “परत येऊन कुलूप उघडायला गेले तर चावी आतच मोडली.”

चावीवाल्यांच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दुकानाचं कुलूप! पण शाबास त्यांची, एक अक्षर बोलले नाहीत. नुसती भुवई वर गेली, तीही त्यांनी ताबडतोब खाली आणली.

“तुमच्या तिकडे चावीवाले नाहीत का गं?” आईनं विचारलं.

“चार आहेत.”

“मग?”

“मग काय? इथे आले,” लेक म्हणाली आणि दूध आईच्या हातात देऊन सरळ कपाटाकडे गेली. “बाबा, पिशवी भरा. तोवर मी राणीला बघते.”

चावीवाले धावत जाऊन कपाटासमोर आडवे उभे राहिले. “अजिबात नाही! अजून तीन रेघा आहेत.”

“अहो बाबा, मीच सांगितलं होतं ना? आता मीच उघडतेय.”

“चाळीस म्हणजे चाळीस.”

शेवटी बायकोनं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे खण सरकल्याचा आवाज आला, म्हणजे आवाज आला नाही, तेल घातलेलं होतं ना. लेकीनं विचारलं, “ही दोन भोकं कसली? कापूस कुणी घातला?” मग मोजा उलगडल्याची खसखस झाली. चावीवाल्यांनी डोळे गच्च मिटले. मेली, त्यांना वाटलं. मेलीच.

“बाबा,” लेकीनं हाक मारली. “बाबा, तुम्ही आजोबा झालात. सहा!”

तेव्हा ते वळले. राणी जागेवरच होती, पण पोट खपाटीला गेलेलं. तिच्या अवतीभवती इवल्या, फिक्या, तांदळाच्या दाण्याहून लहान सहा मुंग्या फिरत होत्या. एक तिच्या मिशा पुसत होती, दोघी एक कोष ओढत होत्या. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी बघितलं नव्हतं, आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं.

“आता खायला द्यायचं,” लेक म्हणाली. “साखरपाण्याचा थेंब. अगदी छोटा, नाहीतर बुडतील.”

चावीवाल्यांनी पिशवीतून आपली सगळ्यांत बारीक तार काढली. साबणानं धुतली. तिच्या टोकावर साखरपाणी घेतलं, लेकीनं तोंडाचा बोळा जरासा सरकवला, आणि जे हात एकतीस वर्षं फक्त उघडत आले होते त्या हातांनी त्यांनी तो थेंब काचेला टेकवला. एक मुंगी आली, चाचपून बघितलं, पोट भरून प्याली. आणि वळून सरळ आईकडे गेली, तोंडाला तोंड लावलं. दीड महिन्यात राणीला बाहेरून मिळालेला तो पहिला घास. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. चावीवाले म्हणाले, “चष्म्यात काहीतरी गेलंय,” आणि चष्मा उघडायला बसले.

बसमध्ये लेकीनं मोज्यातली नळी दोन्ही हातांत धरली होती. चावीवाल्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांच्या दुकानातलं एक कोरं कुलूप, वेष्टनातलं. दोन तास ते खिडकीबाहेर बघत होते. मोज्यात डोकवावंसं निदान वीस वेळा वाटलं असेल, पण डोकावले नाहीत.

तिच्या दारापाशी आले. मोडक्या चावीचा तुकडा कुलपात रुतून बसला होता. चार मिनिटं लागली. “हलकं कुलूप आहे,” ते पुटपुटले, “हलक्याला वेळ लागतो,” आणि एवढंच पुटपुटून थांबले. टक्क. त्यांनी कुलूप काढलं, कडी सरकवली आणि दाराला बोट न लावता बाजूला होऊन जिन्याकडे तोंड केलं. नव्या कुलपाचं वेष्टन तसंच न फोडता लेकीच्या बगलेत दिलं. दोन्ही चाव्या आत होत्या.

लेक खांद्यानं दार लोटून आत गेली. नळी कुठे ठेवू, कुठे काळोख आहे, असं स्वतःशीच बोलत आतल्या खोलीत गेली. तिथून हाक आली, “बाबा, या ना! दार उघडंच आहे.”

चावीवाल्यांनी आत बघितलं नाही. उघडं दार त्यांनी बाहेरूनच हळूच ओढून घेतलं. मग चौकटीवर इकडेतिकडे शोधलं, तर उजव्या बाजूला एक पांढरं बटण होतं. त्यांनी कानावरची पेन्सिल नीट केली, सदरा खाली ओढला आणि बेल वाजवली.

आतली बडबड थांबली.

“कोण आहे?”

“मी,” चावीवाले म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “मी आहे, बाबा. आत येऊ का?”

मग घरातल्या चपलांची फटफट दाराकडे पळत आली.